गरिबाचा कज्जा आणि आपलें कर्तव्य

(महोत्सवाच्या सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या या आनंदाच्या प्रसंगीं कोर्टकचेरीचा विषय काढणें कांहीं जणांस विचित्र वाटेल. परंतु आपल्या खानदेशांत अशीं कित्येक कुटुंबें आहेत कीं, समन्स हातीं पडतांच त्यांच्या घरांतील झोंप उडते. कोणी ऊसतोडीस गुजराथेंत गेला असतां मागें त्याचें शेत भाऊबंद बळकावतात. कोणा भगिनीस नवऱ्यानें टाकलेलें असतें. कोणाचा मुलगा जामीन न मिळाल्यानें तुरुंगांत खितपत पडतो. मग वकिलाच्या फीसाठीं कर्ज काढावें लागतें आणि तें फेडण्यासाठीं बैल विकावा लागतो. अशा लोकांस सरकारी खर्चानें वकील मिळूं शकतो. परंतु तें त्यांस सांगणारा कोणी भेटत नाहीं, हेंच आमचें दुःख आहे.

ही मदत म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. दारिद्र्यामुळें कोणीही न्यायास मुकूं नये, यासाठीं १९७६ सालीं राज्यघटनेंत कलम ३९-अ घालण्यांत आलें. त्यास अनुसरून १९८७ चा विधि सेवा प्राधिकरण कायदा झाला व तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलांत आला. जळगांव व धुळें येथें जिल्हा न्यायालयाच्या ठिकाणीं जिल्हा विधि सेवा प्राधिकरण असून तालुक्यांसाठीं तालुका समित्या आहेत. दिवाणी व फौजदारी, दोन्हीं प्रकारच्या कामांत तेथून वकील मिळतो.

ही मदत कोणास मिळते, तें नीट ध्यानांत ठेवावें. स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाति व जमाती, अपंग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि कोठडींत असलेले इसम यांस उत्पन्नाची अट नाहीं. इतरांस महाराष्ट्रांत वार्षिक तीन लक्ष रुपयांची मर्यादा आहे. आपल्या समाजानें येथें एक भेद ओळखला पाहिजे. भिल्ल किंवा पावरा बंधु केवळ ख्रिस्ती झाला म्हणून अनुसूचित जमातींतून वगळला जात नाहीं. अनुसूचित जातींतील मनुष्य मात्र ख्रिस्ती झाल्यास १९५० च्या आदेशाप्रमाणें त्या यादींत गणला जात नाहीं. अशा घरांतील पुरुषानें उत्पन्नाचा दाखला आधींच काढून ठेवावा; त्याच घरांतील स्त्रीस तो लागत नाहीं, स्त्री म्हणूनच तिचा हक्क आहे.

ज्यास लिहितां येत नाहीं, त्याचें म्हणणें तेथील अधिकाऱ्यानें लिहून घ्यावें व त्यावर अंगठा घ्यावा, असा नियम आहे. नेमलेल्या वकिलानें पक्षकाराकडून एक पैसाही मागूं नये. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनि केल्यास चौकशी करतां येते. लोक अदालतींत तडजोड झाल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते. परंतु त्या निवाड्यावर अपील नाहीं, म्हणून मजकूर पुरता समजल्यावांचून अंगठा देऊं नये.

कित्येकदां कज्ज्याहून पोटाचा प्रश्न मोठा असतो. निराधार विधवा, परित्यक्ता व अपंग यांनीं संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कचेरींत करावा. घरांत मारहाण सोसणाऱ्या स्त्रीस २००५ च्या कायद्यानें संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागतां येते. १८१ हा क्रमांक तिच्यासाठींच आहे.

आपण वकील नाहीं, मग आपल्या हातून काय होणार, असें कोणी म्हणेल. शीला बारसे यांचें उदाहरण पाहा. त्या पत्रकार होत्या. मुंबईच्या कोठडींतील स्त्रियांचे हाल त्यांनीं पत्रानें सर्वोच्च न्यायालयास कळविले. त्या एका पत्रावरून १९८३ सालीं निकाल झाला, आणि कोणासही अटक करून कोठडींत नेतांच पोलिसांनीं जवळच्या कायदा मदत समितीस कळवावें, असा हुकूम झाला. आपल्या धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं. साने गुरुजींनीं तीं लिहून घेतलीं, म्हणूनच तीं टिकलीं. गरिबाचें गाऱ्हाणें मात्र लिहून घेणारा कोणी नसल्यामुळें हवेंत विरून जातें.

म्हणून आमची विनंति एवढीच कीं, प्रत्येक वस्तींत दोन शिकलेल्या माणसांनीं हें काम अंगावर घ्यावें. शेजाऱ्याची नोटीस त्यास वाचून दाखवावी, तारीख वहींत टिपावी, रेशनकार्ड व दाखले एका पिशवींत नीट ठेवावे, आणि पहिल्या दिवशीं त्याच्याबरोबर कोर्टाची पायरी चढावी. तारीख चुकल्यास निकाल एकतर्फी होऊं शकतो, आणि मग हातचें शेतही जाऊं शकतें. आपला एक दिवसाचा रोज बुडेल खरा. परंतु एखाद्या कुटुंबाची जमीन त्यामुळें वांचेल.