सुईचा भार
(मंडळाच्या श्रोतृवर्गासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या जुन्या टर्नटेबलवर नाट्यगीतांची एक ध्वनिमुद्रिका लावली होती. सूर ओढल्यासारखे येत होते. पुढच्या रांगेतील एका बालकाने आजीला विचारले, "हे आजोबा आजारी आहेत का?" सभागृहात हशा पिकला, आम्हांला मात्र हसू आले नाही. महाराष्ट्रापासून दूर वाढणाऱ्या या मुलांची आपल्या गायकांशी पहिली ओळख अशीच व्हायची असेल, तर दोष गायकाचा नव्हे, यंत्राकडे दुर्लक्ष करणाऱ्या आपला आहे. म्हणून आज हा विषय.

आम्ही या शास्त्रातील तज्ज्ञ नव्हे. जे शिकलो ते एका अपराधातून शिकलो. लहानपणी घरच्या रेकॉर्ड प्लेअरची सुई सारखी उडे. आम्ही सुईच्या डोक्यावर चार आण्यांचे नाणे ठेवले. उडणे थांबले आणि आम्हांला आपल्या हुशारीचा अभिमान वाटला. त्या नाण्याचे वजन अडीच ग्रॅम! आजच्या बऱ्याचशा चांगल्या कार्ट्रिजना एकूण भारच दीड ते दोन ग्रॅम पुरतो. काही महिन्यांत आईच्या आवडत्या मुद्रिकेतील वरचे सूर खरखरू लागले. झिजलेली खाच पुन्हा भरून येत नाही. आई काही बोलली नाही, पण तिने ती मुद्रिका पुन्हा लावली नाही. बदल्यांच्या फेऱ्यांत ती आमच्याबरोबर गावोगाव हिंडली, आजही आहे.

तेव्हा प्रारंभ पाणसळीने करावा. यंत्र समपातळीत आणि न हलणाऱ्या मेजावर हवे. ध्वनिवर्धकाच्या पेटीवर तर कदापि नको. मग गती तपासावी. ५० आवर्तनांच्या विजेवरील दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. म्हणून १८० पट्ट्यांची तबकडी ३३ १/३ फेऱ्यांच्या गतीने फिरताना पट्टे स्थिर दिसतात. मात्र त्यासाठी जुन्या पद्धतीचा दिवा हवा. पुष्कळशा एलईडी दिव्यांत हा खेळ साधत नाही. पट्टे सरकत असतील, तर बहुधा रबरी पट्टा सैल झालेला असतो. गती सुमारे सहा टक्क्यांनी चुकली, तर गाणे अर्ध्या सुराने खाली-वर जाते. १९२५ पूर्वीच्या अनेक मुद्रिका तर नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्याच नाहीत. तेथे गायकाची पट्टी ठाऊक असल्यास पेटीचा सूर धरून गती जुळवावी.

त्यानंतर भार. मागचे वजन फिरवून दांडी तराजूसारखी अधांतरी तोलावी, तेथे शून्य धरावे आणि कार्ट्रिजच्या निर्मात्याने सांगितलेला भार द्यावा. फार हलका भारही घातकच. सुई खाचेत आदळत राहते. दांडीच्या बाकामुळे सुई मध्याकडे ओढली जाते, म्हणून तितकाच उलटा ताण देण्याची सोय असते. तो प्रायः भाराच्या आकड्याइतका ठेवतात.

आता कोन. मूळ तबकडी कोरणारे यंत्र सरळ रेषेत सरकते. आपली दांडी कमानीत फिरते. त्यामुळे कोन केवळ दोनच ठिकाणी अचूक साधतो. कार्ट्रिज पुढेमागे सरकवून छापील मापकावर ती दोन ठिकाणे जुळवावीत. हे न केल्यास आवाज आतल्या खाचांत अधिक फाटतो, म्हणजे नेमका गाणे रंगात येऊन संपत असताना!

सुधारणा करावयाची झाल्यास प्रथम नवी सुई घ्यावी, मग चांगला फोनो प्रवर्धक. महागड्या तारांचा मोह शेवटी. ७८ च्या मुद्रिकांना निराळी सुई लागते. त्यांची खाच रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घसटते. आणि लाखेच्या त्या मुद्रिका स्पिरिटने कधीही पुसू नयेत, लाख विरघळते.

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून आपल्याकडील कित्येक थोर कंठ या खाचांत राहिले आहेत. त्यांतले काही आपल्या कपाटात आहेत. मंडळाने एक नवा पट्टा, दोन सुया आणि एक लहान वजनकाटा घ्यावा, एवढीच आमची विनंती. जुळवणीचे काम आम्ही आनंदाने करू. पुढच्या गणेशोत्सवात तीच मुद्रिका पुन्हा लावू आणि त्या बालकाला पुन्हा पहिल्या रांगेत बसवू.