संशयाची कसोटी आणि हक्काचे काम



गरिबांची संख्या किती, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या परिषदांमध्ये जितक्या आस्थेने चर्चिला जातो, तितक्या आस्थेने गरिबांकडे पाहणाऱ्यांच्या मनात काय असते, याची चर्चा होत नाही. वास्तविक कोणत्याही सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज कसा असावा, त्याला कोणते दाखले जोडावेत आणि मिळणारी रक्कम किती असावी, हे या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरूनच ठरत आले आहे. मदत मागणाऱ्याने आपली गरज सिद्ध करायची, की मदत नाकारणाऱ्या शासनाने नकाराचे कारण सिद्ध करायचे, या एका निर्णयावर योजनेचे बरेवाईट अवलंबून असते, हे प्रस्तुत भाषणाचे प्रतिपादन असून त्यासाठी महाराष्ट्राबाहेर जाण्याची आवश्यकता नाही.

संशयाचे मूळ तत्त्व तेवढे बाहेरून आले. इंग्लंडमध्ये 1834 साली झालेल्या दारिद्र्य कायद्याने असे तत्त्व घालून दिले की, सरकारी मदतीवर जगणाऱ्याची स्थिती सर्वांत गरीब कष्टकऱ्यापेक्षाही हलकी असली पाहिजे, म्हणजे खरा गरजू तेवढाच मदतीला येईल. हेच तत्त्व 1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खनमध्ये आले. दुष्काळासाठी खास नेमलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरील पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे 450 ग्रॅम धान्य आणि वर एक आणा, इतकी खाली आणली आणि धडधाकट माणसाला घरापासून दहा मैलांच्या आत काम देऊ नये, असा दंडक घातला; दुष्काळी प्रशासनाच्या परिभाषेत याला अंतराची कसोटी म्हणत. उपाशी माणूस इतके अंतर चालून येतो की नाही, यावरून त्याची भूक खरी की खोटी हे ओळखायचे, असा त्यामागचा विचार होता. 1877 च्या आरंभी मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली. त्यांच्या बाजूने पुण्याची सार्वजनिक सभा ही संस्था उभी राहिली आणि गणेश वासुदेव जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली. पोटाला न पुरणारी मजुरी नाकारण्याचा अधिकार उपाशी माणसालाही आहे, हे या भूमीत प्रथम त्या अनामिक मजुरांनी कृतीने सांगितले, आणि महाराष्ट्राच्या आर्थिक विचारांच्या इतिहासात त्यांना ग्रंथकारांच्या शेजारी स्थान मिळाले पाहिजे.

त्यानंतर जवळजवळ एक शतकाने या विचाराला कायद्याचे रूप आले. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दरडोई दररोज 2,250 उष्मांक मिळण्याइतका खर्च ही दारिद्र्याची रेषा मानून ग्रामीण भागातील सुमारे 40 टक्के आणि शहरी भागातील सुमारे 50 टक्के लोक त्या रेषेखाली असल्याचा निष्कर्ष काढला आणि मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक कामे काढण्याचा उपाय सुचवला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तर 1965 मध्येच तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात अशा कामांचा प्रयोग करून पाहिला होता. 1972 च्या दुष्काळाने या विचाराला निकड दिली. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यातील सुमारे 50 लाख माणसे खडी फोडत, नालाबांध घालत आणि पाझर तलाव खणत मदतकामांवर राबत होती. पुढे 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. काम मागणाऱ्याला 15 दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, हे बंधन आता शासनावर आले.

या योजनेतही श्रमाची कसोटी होतीच. काम अंगमेहनतीचे होते आणि मजुरी मोजमापावर होती. तथापि एक मूलभूत फरक पडला. कामावर येणाऱ्या स्त्रीला उत्पन्नाचा दाखला, जातीचा पुरावा किंवा पुढाऱ्याची शिफारस आणावी लागत नव्हती. आपल्याला कामाची गरज आहे की नाही, हे ती स्वतः ठरवत होती आणि तिची मागणी हाच पुरावा धरला जात होता. हजेरीपटावरील खोटी नावे, मुकादमाची लूट आणि अर्धवट सोडलेले बांध हे योजनेचे दोष खरेच होते, पण ते मजुरांच्या लबाडीतून आलेले नव्हते. संसदेने 2005 साली केलेल्या रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. मात्र मूळ कायद्यात प्रत्येक प्रौढ व्यक्तीला दिवसांच्या मर्यादेविना मिळालेली हमी त्यात एका कुटुंबाला वर्षाला 100 दिवस इतकी आकसली, हे नमूद केले पाहिजे.

रोजगार हमीमुळे ऐन सुगीत मजूर मिळत नाहीत आणि रेशनच्या धान्यामुळे लोक आळशी झाले आहेत, ही तक्रार गावोगावी ऐकू येते. लहान शेतकऱ्याची ओढाताण खरी आहे आणि तिची थट्टा करणे अन्यायाचे ठरेल. परंतु मिळेल त्या मजुरीवर जाण्याची सक्ती संपल्यामुळे एखादी बाई अधिक मजुरी मागत असेल, तर त्याला आळस म्हणता येणार नाही. शेतकऱ्याच्या अडचणीचे उत्तर शेतमालाच्या भावात शोधले पाहिजे, मजुराच्या उपासमारीत नव्हे.

जुन्या संशयाने आज दाखल्याचे रूप घेतले आहे. 1980 पासून चालत आलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत, दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव नसल्यास, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो, ही अट दीर्घकाळ चालत आली. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात केंद्रीय रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. म्हणजे ज्या कुटुंबाने हमीचे 100 दिवस भरले, त्याचे तेवढेच उत्पन्न 29,700 रुपये झाले आणि त्या घरातील विधवा त्या मर्यादेबाहेर गेली. एका कायद्याने दिलेली मजुरी दुसऱ्या योजनेत अपात्रतेचे कारण होते. खरे उत्पन्न सांगितले तर अनुदान जाते, म्हणून दाखला कमी उत्पन्नाचा काढावा लागतो, आणि मग तोच दाखला गरिबांच्या खोटेपणाचा पुरावा म्हणून सभेत दाखवला जातो. माणसाला खोटे बोलण्यास भाग पाडणारा नियम करून त्याच्या नीतिमत्तेवर बोलणे हे शासनाला आणि सुशिक्षित समाजालाही शोभणारे नाही.

योजनांच्या मूल्यमापनात दोन प्रकारच्या चुका मानल्या जातात: अपात्राला लाभ मिळणे ही समावेशाची चूक आणि पात्र व्यक्ती बाहेर राहणे ही वगळणुकीची चूक. पहिल्या चुकीत तिजोरीतील काही रक्कम जाते आणि तिची बातमी होते. दुसरीत अंगठ्याचा ठसा यंत्रावर न उमटलेली म्हातारी धान्याविना घरी परतते आणि तिची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. यादीत आलेल्यांच्या रकमेबाबतही हीच उपेक्षा दिसते. केंद्र सरकार 60 ते 79 वयोगटातील गरीब वृद्धांच्या निवृत्तिवेतनात दरमहा 200 रुपयांचा वाटा देते आणि तो अनेक वर्षांत वाढलेला नाही. संघटित नोकरीतील निवृत्तांना मात्र महागाईनुसार वाढ मिळते, ती योग्यच आहे आणि ती मिळाल्याने कोणी आळशी झाले, असे कधी म्हटले जात नाही. याच नोकरदारांचे रोजगार हमीशी जुने नातेही आहे: त्यांच्या वेतनचिठ्ठीवर दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापला जाणारा व्यवसाय कर 1975 मध्ये रोजगार हमीच्या खर्चासाठीच लावण्यात आला होता. शहराने गावाच्या कामाचा वाटा उचलावा, असा तो करार होता, आणि आज तो भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक आहे.

या परिषदेच्या सभासदांनी पुढील वर्षात प्रत्येकी एका तालुक्यातील नामंजूर अर्जांचा अभ्यास हाती घ्यावा: किती अर्ज कोणत्या दाखल्यावाचून परत गेले, नकाराचे कारण अर्जदाराला लेखी मिळाले काय, आणि ते मिळाल्यावर अपिलाची वाट परवडणारी होती काय. तहसील कार्यालयांतील ही बाडे उघडली गेली नाहीत, तोवर वगळलेल्यांची संख्या अंदाजानेच सांगितली जाईल. ती उघडली गेल्यास उत्पन्नाची मर्यादा रोजगार हमीच्या मजुरीशी जोडावी, निराधारांची रक्कम महागाई निर्देशांकाशी बांधावी आणि घरी जाऊन चौकशी केल्याविना कोणाचेही नाव यादीतून कमी करू नये, या मागण्या परिषद आकडेवारीनिशी शासनापुढे ठेवू शकेल.