रमाबाई डॉक्टर झाल्या नाहीत



आजच्या बक्षीस समारंभाआधीच तुमच्यापैकी काही विद्यार्थ्यांनी मला विचारून ठेवलं होतं : शिकवण्याचं पाचारण आपल्याला आहे हे ओळखायचं कसं? आणि त्यासाठी थिऑलॉजी शिकायला जावं का?

उत्तर म्हणून मी पंडिता रमाबाईंबद्दल बोलते. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. पण ऐकू कमी येत असल्याने तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी तिथल्या वाँटेज गावी त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या स्वतः शिकता शिकता संस्कृत शिकवू लागल्या. शिकवणं त्यांच्या घरातच होतं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं होतं आणि त्या आईने रमाबाईंना. वैद्यकीचं दार लागलं, तेव्हा हे लहानपणापासूनचं काम त्यांच्या हाताशी होतंच. पाचारण बहुधा असंच कळतं, असं मला वाटतं. एखाद्या रात्री आवाज ऐकू येईल म्हणून वाट पाहू नका. संडेस्कूलचा एक वर्ग घ्या, वर्षभर टिकवा, आणि मुलांच्या प्रश्नांनी तुम्हाला पुन्हा पुस्तकाकडे धाडलं का, ते बघा.

चेल्टनहॅममध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, असा प्रश्न आला, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी ती निमूटपणे मानली नाही. त्रैक्याच्या सिद्धान्ताबद्दलच्या शंकाही त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांना पत्रांतून उघडपणे लिहिल्या. हा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनी संपादित केला आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापला. मनात शंका आहेत म्हणून सेमिनरीचा अर्ज भरायला जे बिचकतात, त्यांनी ही पत्रं वाचावीत. शंका घेऊन आलेला विद्यार्थी मला वर्गात हवाच असतो.

१८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढे केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं, आणि तिथेच त्यांच्या हातून सर्वांत मोठा अभ्यास झाला. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणायचं, म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कितीतरी वर्षं हे काम चाललं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी ते थांबलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई वारल्या. भाषांतर तोवर पुरं झालं होतं आणि १९२४ मध्ये ते मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.

आज तुम्हाला हे सगळं एकट्याने करावं लागणार नाही. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने सनद दिलेल्या सेरामपूर कॉलेजच्या थिऑलॉजीच्या पदव्या आहेत : आधी बी.डी., मग एम.टीएच. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, नगर रस्त्यावर थिऑलॉजी शिकवणारी ज्ञानदीप ही संस्था आहे. पण जुना करार किंवा नवा करार हा विषय घेणार असाल, तर हिब्रू-ग्रीकचे धातू पाठ करण्यात कित्येक महिने जातील, हे घरच्यांना आधीच सांगा. पगाराचंही स्पष्ट बोला. सेमिनरीतला शिक्षक श्रीमंत होत नाही.

बक्षिसं वाटून झाली की मी मागच्या वाचनालयात बसणार आहे. ज्यांना अभ्यासक्रमाबद्दल विचारायचं असेल, त्यांनी आईवडिलांना घेऊनच या; त्यांचेही प्रश्न मला ऐकायचे आहेत.