गोलरक्षक झामोरा



फुटबॉलच्या मैदानावर दहा गड्यांची चूक सांवरून घेण्यास मागें कोणी तरी असतो. अकराव्याच्या, म्हणजे गोलरक्षकाच्या मागें मात्र केवळ जाळें असतें. अशा जोखमीच्या जागीं उभे राहून कीर्ति मिळविणारे आणि पुढें शिक्षक म्हणूनहि यशस्वी झालेले स्पेनचे रिकार्दो झामोरा ह्यांच्याविषयीं आज बोलावयाचें आहे.

त्यांचा जन्म १९०१ सालीं बार्सिलोना येथें झाला. १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्यें स्पेननें रौप्यपदक मिळविलें, तेव्हां हा गोलरक्षक अवघा १९ वर्षांचा होता. १९२९ सालीं माद्रिद येथें स्पेननें इंग्लंडवर ४-३ असा विजय मिळविला. ब्रिटिश बेटांबाहेरील देशाकडून इंग्लंडची ही पहिलीच हार. परंतु दोनच वर्षांनीं लंडन येथें त्याच इंग्लंडनें झामोरांच्या जाळ्यांत सात वेळां चेंडू घातला. कीर्तीच्या शिखरावर असें व्हावें आणि तरीहि पुन्हां त्याच दोन खांबांमध्यें उभें राहावें, ह्याला मनाचें बळ लागतें.

तें बळ १९३६ च्या जूनमध्यें दिसलें. व्हॅलेन्सियाच्या मैदानावर चषकाचा अंतिम सामना होता. माद्रिद २-१ असें पुढें असतां अखेरच्या क्षणीं बार्सिलोनाच्या एस्कोलानें जवळून फटका मारला. धुळीचा लोट उसळला. तो विरला तेव्हां चेंडू झामोरांच्या हातीं होता.

महिनाहि लोटला नाहीं तोंच यादवी युद्ध पेटलें. माद्रिदमध्यें झामोरांना तुरुंगांत टाकण्यांत आलें. त्यांचा वध झाल्याची खोटी वार्ताहि पसरली. सुटका होतांच ते फ्रान्सला गेले आणि नीस येथें खेळले.

चांगला खेळाडू चांगला शिक्षक होतोच असें नाहीं, हें शाळेंत आयुष्य घालविलेल्यास सांगावयास नको. युद्धानंतर झामोरांकडे आलेला माद्रिदचा आत्लेतिको आव्हियासियोन हा संघ तर वायुदलाच्या संघाशीं नुकताच एक झालेला. त्याचे अनेक खेळाडू युद्धांत गेलेले, मैदान उध्वस्त. ओव्हिएदोच्या मैदानाची नासधूस झाल्यानें पहिल्या श्रेणींत एक जागा रिकामी पडली. ती ओसासुनास हरवून ह्या संघानें मिळविली. आणि १९४० व १९४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें स्पेनचें साखळी-अजिंक्यपद जिंकलें! संघाच्या इतिहासांतील हीं पहिलींच अजिंक्यपदें. पुढें त्यांच्या हाताखालीं सेल्टा संघ १९४८ सालीं चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला.

ह्याचें कारण, मला वाटतें, त्यांच्या जुन्या जागेंतच आहे. बाकीचे गडी चेंडूमागें धांवतात. गोलरक्षक सबंध मैदान पाहतो. कोण कोठें चुकतो, कोणती फट उघडी राहते, हें त्यास रोज दिसतें; कारण त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. दुसऱ्याच्या चुकीचा भार स्वतःवर घेण्याची ही संवय म्हणजेच निम्मी शिक्षकी होय.

१९७८ सालीं झामोरा वारले. स्पेनमध्यें दर हंगामांत सामन्यामागें सर्वांत कमी गोल होऊं देणाऱ्या गोलरक्षकास त्यांच्या नांवाचें पारितोषिक मिळतें. किती चेंडू अडले हें त्यावरून कळतें. सात गोलांनंतर पुन्हां उभें राहणें आणि उध्वस्त मैदानावर इतरांस उभें करणें, ह्याचें मोजमाप मात्र कोणत्याहि पारितोषिकांत मावत नाहीं.