दुर्बिणीला दिसलं नाही म्हणून

(साताऱ्यातील एका वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

श्रोतेहो, अन्ननलिका कुठे असते हे सातारकरांना सांगत बसत नाही. मी पॅथॉलॉजिस्ट. रुग्ण आमचं तोंड पाहत नाहीत, फक्त बिल पाहतात. (हशा)

तासगावकडचा एक शाळकरी मुलगा. कोरडी भाकरी उतरायची नाही, घासागणिक पाणी, पंगतीतून उठणार सगळ्यांत शेवटी. आजी म्हणायची, "नखरे आहेत नुसते." मग ती दुधात भाकरी कुस्करून द्यायची, तेवढी मात्र तो मुकाट खायचा. एका ठिकाणी दुर्बीण घातली, अस्तर ठीक दिसलं, 'नॉर्मल' लिहून घरी पाठवलं. तुकडा घेतलाच नाही! माझं भांडण आहे ते इथं.

इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस, म्हणजे अन्ननलिकेची ॲलर्जीची सूज. कधी आत कडी दिसतात, उभे चर दिसतात, पांढरे ठिपके दिसतात. कधी काहीच दिसत नाही. निरोगी अन्ननलिकेत इओसिनोफिल पेशी नसतात. सूक्ष्मदर्शकाच्या एका हाय पॉवर फील्डमध्ये त्या 15 किंवा जास्त भरल्या, की संशय पक्का होत जातो. मग दुसरी कारणं वगळायची. सूज सलग नसते, म्हणून वरचे-खालचे मिळून निदान सहा तुकडे हवेत. "पोराचे सहा तुकडे?" एक वडील दचकले होते. पोराचे नाही हो, अस्तराचे! तांदळाच्या कणीएवढे.

आता थोडं विषयांतर. 1868 साली जर्मनीत फ्रायबुर्गला कुसमाउल नावाच्या डॉक्टरांनी तलवार गिळणाऱ्या खेळियाला गाठलं. त्याच्या घशातून सरळ, ताठ नळी थेट जठरात उतरवली. गडी हूं की चूं करेना. पण आत उजेडच पुरेना, डॉक्टरांना धड काही दिसलं नाही. मिरजेला वानलेस साहेबांचं रुग्णालय निघालं त्यानंतर 26 वर्षांनी. पुढे बसलेल्या मिरजकरांना मात्र वैद्यकाचा आरंभ तिथूनच झाला असं वाटतं. (हशा) वाकणारी दुर्बीण आली 1957 मध्ये. आज उजेड भरपूर आहे, म्हणूनच आपण सगळं पाहिलं असा भ्रम होतो. सर्जन मंडळी, रागावू नका. मी तुमच्या हाताबद्दल बोलत नाही, डोळ्याबद्दल बोलतोय.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, औषधांचं राहू द्या.

त्या मुलाचे पुढे तुकडे घेतले आणि निदान झालं. या आजारात सर्वांत जास्त वेळा सापडणारा दोषी पदार्थ म्हणजे दूध. दूध संघाचे संचालक उठू नका! सगळ्यांनी दूध सोडा असं मी म्हणत नाही. त्वचेच्या किंवा रक्ताच्या ॲलर्जी चाचणीवर इथं विसंबता येत नाही, म्हणून निदानाआधी घरच्या घरी दूध तोडू नका. मग तुकड्यात काय दिसणार? डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करा, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण. हो, पुन्हा भूल, पुन्हा तुकडे. मूल भराभर जेवायला लागलं तरीही, कारण घास उतरू लागला तरी आत सूज असू शकते. माइक घ्या, तो मागचा हात कधीचा वर आहे.