मुलांना गाडी लागते तेव्हा

त्रिस्थळी यात्रेस निघालेली मराठी कुटुंबे पुष्कळदा प्रयागहून मोटारीने काशीस येतात. अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटरांचे. वाटेत एखादे मूल जांभया देऊ लागते, पांढरे पडते, घामेजते आणि ओकते. कोणी त्याची दृष्ट काढतो, कोणी हट्टी म्हणून रागावतो. मुलाचा अपराध मात्र काहीच नसतो.

तोल सांभाळणारे इंद्रिय कानाच्या आतल्या भागात असते. गाडीची हालचाल ते मेंदूस कळविते. पुस्तकावर खिळलेले डोळे मात्र सारे स्थिर असल्याची साक्ष देतात. या विसंगतीतून मळमळ उद्भवते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास अधिक. पुढे तो बहुधा ओसरतो.

म्हणून पुस्तक आणि मोबाईल दूर ठेवावा. समोरच्या काचेतून दूरवर दिसेल असे मुलास बसवावे, मोकळा वारा लागू द्यावा. निघण्यापूर्वी हलके खाणे द्यावे. उपाशी ठेवू नये, तळकटही देऊ नये. ओकारी झाल्यास पाणी घोटाघोटाने पाजावे. मोठ्यांची गोळी मुलास परस्पर देऊ नये. डॉक्टरांच्या सल्ल्याचे औषध प्रवासापूर्वीच द्यावे लागते.

गंगेवरही नियम हाच. अस्सी घाटावरून निघताना मुलास नावेच्या मध्यभागी बसवावे आणि हेलकावणाऱ्या पाण्याऐवजी पैलतीरावरचा रामनगरचा किल्ला दाखवावा. रागावण्याऐवजी वडीलधाऱ्यांनी एवढे केले, तर ते मूल मळमळीची नव्हे, काशीची आठवण घेऊन घरी परतेल.