किती वाजता वारे गेले?

(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



मी काही डॉक्टर नाही. मॅट्रिक शिकलेला मास्तर मी. शाळेत खडू झिजवला, हेडमास्तर झालो आणि आता घरी बसलो आहे. तेव्हा हा माणूस आजारावर काय बोलणार, असे तुम्हाला वाटेल. पण जे माझ्या घरात घडले आणि मागाहून डॉक्टरांना विचारून विचारून जे समजले, तेवढेच मी सांगणार आहे.

2021 साल. एप्रिल महिना. करोनाची दुसरी लाट आली होती. आपल्या कर्जत-खालापूर भागात घरोघरी ताप होता, ते तुम्ही विसरला नसाल. माझ्या थोरल्या भावाला, अण्णांना, करोना झाला. वय सत्तर. रक्तदाबाचा आजार जुना. चार-पाच दिवसांत ताप उतरला. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजनही बरा दिसत होता. आम्ही म्हटले, सुटलो.

आठव्या दिवशी सकाळी चहा पिताना अण्णांच्या हातातून कप पडला. तो उचलायला गेले, तर हात उचलेना. तोंड एका बाजूला ओढले गेले. काही बोलू लागले, पण शब्द कळेनात. वहिनी ओरडल्या, "अहो भावजी, ह्यांच्या अंगावरनं वारं गेलं!"

शेजारीपाजारी जमले. एकाने तेल तापवून आणले. दुसरा म्हणाला, कबुतराचं रक्त चोळा. तिसऱ्याने भगताचे नाव सांगितले. आणि मी काय केले? मी म्हणालो, "दवाखान्यात नेलं तर करोनाच्या खोलीत टाकतील. भेटूसुद्धा देणार नाहीत. दुपारपर्यंत वाट बघू." शिकलेला माणूस मी, बरे का!

दुपारी तीनला गाडी काढली. पनवेलच्या बाजूला एका इस्पितळात पोचलो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता झालं?"

"सकाळी."

"सकाळी म्हणजे किती वाजता?"

मला सांगता येईना. आयुष्यभर शाळेची घंटा मिनिटावर दिली, आणि त्या दिवशी घड्याळाकडे बघितले नाही. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, यावर औषध होतं. पण आता वेळ गेली."

आता हे वारे म्हणजे काय ते बघू. कोणी याला लकवा म्हणतात, कोणी अर्धांग म्हणतात. डॉक्टर पक्षाघात म्हणतात. यात वारा कुठेच नसतो. आपल्याकडे राजनाल्याचे पाणी पाटाने उन्हाळी भाताला येते. पाटात गाळ नि पाला अडकला, की पुढचे शेत सुकते. तसेच मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिनीत रक्ताची गुठळी अडकते. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, आणि तो भाग मरू लागतो. कधी वाहिनी तुंबत नाही, फुटते. तो दुसरा प्रकार. पण बहुतेक वेळा तुंबलेलीच असते. भात दोन दिवस तग धरते. मेंदू धरत नाही. मोठी वाहिनी तुंबली, तर मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात, असा डॉक्टरांचा हिशेब आहे. त्या पुन्हा उगवत नाहीत.

मग करोनाचा यात काय संबंध? करोनाचा विषाणू नुसता फुप्फुसाला त्रास देत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि रक्त लवकर गोठू लागते. करोनाने इस्पितळात दाखल झालेल्या शंभर माणसांत साधारण एकाला असा झटका आला. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा आजार असलेल्यांना धोका जास्त. पण तरणी माणसेही सुटली नाहीत. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात 2020 साली मार्च-एप्रिलमध्ये दोन आठवड्यांत एकाच संस्थेच्या इस्पितळांत पाच रोगी आले. पाचही जण पन्नाशीच्या आतले. त्यांतल्या दोघांनी इस्पितळाच्या भीतीने गाडी बोलवायला उशीर केला होता. हे वाचले तेव्हा मला वाटले, भीती सगळीकडची सारखीच.

झटका ओळखायचा कसा? माणसाला हसायला सांगा. तोंड वाकडे होते का? दोन्ही हात पुढे करायला सांगा. एक हात खाली येतो का? मग बोलायला लावा. मी तर आपल्या खोपोली गाडीची स्टेशने म्हणायला सांगतो: पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. जीभ अडखळली, शब्द भलतेच आले, की समजा. तिन्हींपैकी एक जरी झाले, तरी थांबायचे नाही. हात आपोआप सुधारला तरी जायचेच. तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

घड्याळ बघा. माणूस शेवटचा धड कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहा. झोपेतून उठल्यावर कळले, तर झोपायला गेला ती वेळ लिहा. लगेच 108 ला फोन लावा. ही गाडी फुकट येते, आत डॉक्टर असतो. त्यांना स्पष्ट सांगा, "लकव्याचा झटका आहे. सीटी स्कॅन जिथं आहे तिथं न्या." करोना असेल तर तेही सांगा, लपवू नका. करोना आहे एवढ्यावरून हे औषध नाकारत नाहीत. सरकारी योजनेचे कार्ड, शिधापत्रिका, आधार बरोबर घ्या. पण कागद शोधण्यात अर्धा तास घालवू नका. ते मागून आणता येतात.

स्कॅन कशाला? वाहिनी तुंबली की फुटली, ते बाहेरून कळत नाही. तुंबली असेल, तर गुठळी विरघळवायचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देतात. फुटली असेल आणि तेच दिले, तर माणूस दगावेल. म्हणून घरी ॲस्पिरिनची गोळीसुद्धा द्यायची नाही. पाणी नाही, चहा नाही. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जाते. कुशीवर निजवा. मोठ्या शहरांत जांघेतल्या वाहिनीतून बारीक नळी घालून गुठळी ओढूनही काढतात. पण त्यालाही वेळेची मर्यादा असतेच.

अण्णांच्या दुसऱ्या वर्षी खालापूरच्या बाजूला एका वाडीवर म्हातारीला असेच झाले. तिची सून चौथी शिकलेली. तिने भिंतीवर कोळशाने वेळ लिहिली आणि फोन लावला. म्हातारीला इंजेक्शन वेळेत मिळाले. पुढच्या लावणीला ती बांधावर भाकरी घेऊन येत होती.

झटका येऊच नये म्हणून काय करायचे? करोनाचा ताप आला तरी रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. अण्णांनी चार दिवस बंद केल्या होत्या. पाणी भरपूर प्यायचे. दिवसभर आडवे पडून राहायचे नाही, पाय हलवायचे. दाखल झालात आणि पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन दिले, तर घाबरू नका. ते बहुधा रक्त गोठू नये म्हणूनच असते. पण तसले औषध ऐकीव माहितीवर घरी घेऊ नका. त्याने रक्तस्राव होतो. ताप गेल्यावरही काही आठवडे जपायचे. बिडी आणि मशेरी सोडायचीच.

लशीबद्दल कोणी विचारतात. एका लशीने फार क्वचित गुठळी झाली, हे खोटे नाही. पण करोनाने गुठळी होण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा होता. मी स्वतः दोन्ही डोस घेतले.

आता करोना पूर्वीसारखा राहिला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये आणीबाणी संपल्याचे सांगितले. पण विषाणू आहे, आणि लकवा तर करोनाच्या आधीही होता. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा रक्तदाब आरोग्य केंद्रात फुकट मोजतात. आशाताईंना विचारा.

अण्णा आता काठीने चालतात. मी रोज त्यांना स्टेशने म्हणायला लावतो. केळवलीपर्यंत येतात, डोळवलीला थांबतात.

चला, पाट्या काढा. मोठ्या अक्षरात 108 लिहा. त्याखाली भिंतीवरच्या घड्याळात बघून आत्ता किती वाजले ते लिहा. घरी गेल्यावर तोच आकडा दाराआड खडूने लिहायचा आहे. उद्या मी घरोघर बघायला येणार.